प्रोप्रायटर

धंदा कोणता करायचा हे ठरायच्या आधी दाजींनी शिक्का करून घेतला. वर फर्मचं नाव, मधे सहीपुरती मोकळी जागा आणि खाली उजवीकडे 'प्रोप्रायटर'. गणपती पेठेतून शिक्का घरी आला त्या संध्याकाळी तो उमटतो का हे पाहायला दाजींनी आधी वर्तमानपत्राच्या कडेवर मारला, मग गॅसच्या पावतीवर आणि शेवटी दुधाच्या कार्डावर. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं आक्काला विचारलं, "वहिनी, साहेबांनी डेअरी काढली काय? आम्हाला सांगायचं तरी!" दाजींच्या उद्योगाची बाजारानं घेतलेली ही पहिली दखल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही सवयीनं सकाळी आठला आंघोळ करून, शर्ट इन करून, विश्रामबागेतल्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलाशी येऊन बसायचे. आणि बरोब्बर साडेआठला आक्का म्हणायची, "उठा, पोळ्या लाटायच्यात." चाळीस दिवस 'उठा' ऐकल्यावर माणूस एकतर कीर्तनाला जायला लागतो नाहीतर उद्योजक होतो. दाजींना कीर्तनात झोप येते.

फर्मचं नाव मी सांगणार नाही. त्यात 'ग्लोबल' आहे, 'एंटरप्रायझेस' आहे आणि दोन्हींच्या मधे माझ्या भाचीचं नाव आहे. भाची पुण्यात नोकरी करते. आपलं नाव जागतिक झालंय हे तिला शिक्क्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तेव्हा कळलं. तिनं उलट एक अंगठा पाठवला. दाजींनी तो बिनशर्त पाठिंबा म्हणून घेतला.

असा माणूस तुमच्याही नात्यात असणार. लग्नाकार्यात भेटला की तो सांगतो, "सगळं झालंय, फक्त तेवढं राहिलंय." 'तेवढं' दर तीन महिन्यांनी बदलतं. कधी जागा, कधी पार्टनर, कधी पितृपक्ष. त्याला आजवर कधी तोटा झालेला नसतो, कारण विक्रीची वेळच आलेली नसते. आणि आपण काही विचारायला गेलो की तो आपल्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "तुम्ही नोकरीवाले. तुम्हाला नाही कळायचं." दाजींच्या 'तेवढं'मधे गेल्या वर्षी आठ महिने एकच गोष्ट होती. चालू खातं.

"बचत खातं आहे की तुमचं. त्यावर भागणार नाही का?" मी विचारलं.

"पाव्हणं, बचत कोण करतं? नोकरदार. उद्योजकाचं खातं चालू पाहिजे."

चालू खात्यावर दमडीचंही व्याज मिळत नाही, हे मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचाच त्यांना अभिमान होता. "व्याजावर जगणारी माणसं वेगळी," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी अडीच लाखांची एक मुदत ठेव आहे. ती त्या क्षणी मला सावकारीसारखी वाटली.

सांगलीकडच्या माणसाला उद्योगाचं वारं लागलं की किर्लोस्करवाडी मधे येतेच. पुण्याहून मिरजेकडे येताना ते स्टेशन लागलं की दाजी खिडकीतून नमस्कार करतात, गाडी थांबो न थांबो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मधे कारखाना उभा केला, तिथे निवडुंग आणि साप होते, हे सगळं दाजी असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, निवडुंग यांनीच तोडला. "लक्ष्मणरावांना माळ तरी मिळाला," ते सुस्कारा टाकतात. "मला काय? डायनिंग टेबल. तेही पोळ्यांची वेळ सोडून."

"पण दाजी, ते नांगर करत होते. तुम्ही काय करणार?"

"तो पुढचा टप्पा."

आधीचा टप्पा कागदांचा. एकट्या मालकाच्या फर्मचं खातं उघडायचं तर मालकाच्या ओळखीच्या कागदांखेरीज धंद्याचे दोन पुरावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शॉप ॲक्टची पावती, उद्यमचं प्रमाणपत्र, जीएसटीचा दाखला, फर्मच्या नावचं वीज बिल, असल्यांपैकी कुठलेही दोन. दाजींच्या फाइलीत सतरा होते. त्यात मराठी टायपिंगची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट होतं आणि कारखान्यानं निरोप समारंभात दिलेलं मानपत्रही होतं. "असू दे," ते म्हणाले, "वजन पडतं."

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार नंबर घालून घरबसल्या होते आणि सरकार त्याचा एक पैसा घेत नाही. दाजींनी एजंटाला दीड हजार रुपये दिले. फुकट मिळालेल्या कागदाला बँकेत कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं. एजंटानं विचारलं, "काका, धंदा कुठला टाकू?" त्यावर दाजी म्हणाले, "ज्याला वाव आहे ते सगळं टाक." त्यामुळे दाजींच्या प्रमाणपत्रावर घाऊक किराण्यापासून संगणक सल्ल्यापर्यंत अकरा धंदे आहेत आणि मधेच कुठेतरी पादत्राणांची दुरुस्ती आहे. आपल्याकडे शॉप ॲक्टचं तर आता लायसनही राहिलेलं नाही. २०१७ च्या कायद्यानं कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, पावती मिळते. 'पावती' हा शब्द दाजींना हलका वाटला, म्हणून त्यांनी ती लॅमिनेट करून आणली आणि तिला 'लायसन' म्हणू लागले. कामगारांच्या रकान्यात शून्य आहे.

पहिली फेरी एका खासगी बँकेत झाली. टाय लावलेला मुलगा 'सर, सर' करत होता, तो घरी येऊनसुद्धा फॉर्म भरून घ्यायला तयार होता. खात्यात महिन्याला सरासरी पंचवीस हजार शिल्लक राहिली पाहिजे, असं त्यानं सांगितलं मात्र, दाजी उठले. "फर्मशी बोलून कळवतो," म्हणाले.

इथे दाजींच्या स्वभावातली खरी गोम आहे. एकल मालकीत फर्म आणि मालक कायद्यानं एकच असतात. पॅन एकच, कर एकच, कर्ज बुडालं तर डोक्यावरचं छप्परही एकच. दाजींना हे मान्य नाही. त्यांच्या मनात फर्म ही वेगळी कोणीतरी आहे, वयानं त्यांच्याहून मोठी, किंचित कडक, जिला विचारल्याशिवाय हो म्हणता येत नाही. त्यांनी फर्मसाठी आवक-जावक रजिस्टर घातलंय. भाजी आणायला सांगितली तर ते आक्काला म्हणतात, "आत्ता मी फर्मच्या वेळेत आहे."

शेवटी सरकारी बँक. तिथे दाजींबरोबर मला जावं लागलं, कारण त्यांच्या मते खातं उघडायला ओळख लागते. त्यांनी तरुणपणी पहिलं खातं उघडलं तेव्हा गावातल्या हेडमास्तरांची सही ओळखदार म्हणून घेतली होती. त्यासाठी हेडमास्तरांकडे दोन दिवस हेलपाटे घातले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या म्हशीचा चारा आणून दिला होता. आता ओळखदार लागत नाही, हे मी दहादा सांगितलं. "नसू दे लागत. बसा शेजारी."

काउंटरवरच्या मॅडम पंचेचाळिशीच्या असतील. चष्मा कपाळावर, पुढ्यात स्टीलचा डबा, तो उघडायला अजून अवकाश. त्यांनी सतरा कागदांमधून नेमके तीन ओढले, बाकीचे न पाहता परत सरकवले. मानपत्र सगळ्यात वर होतं. दाजींनी ते उचलून पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते पुन्हा परत केलं. असं दोनदा झालं.

"फर्मचं नाव नक्की काय आहे?"

दाजींनी नाव सांगितलं, जरा मोठ्यानं, रांगेतल्यांनाही ऐकू जाईल असं.

"उद्यमवर शेवटी 'एस' आहे. शॉप ॲक्टवर नाही. आणि तुमच्या शिक्क्यावर..." मॅडमनी चष्मा खाली घेतला. "शिक्क्यावर 'एंट्रप्रायझेस' झालंय."

दाजी म्हणाले, "उच्चार एकच आहे."

"सिस्टीमला उच्चार कळत नाही, काका."

मग सही आली. दाजींच्या पॅन कार्डावरची सही देवनागरी आहे. सरळ, आडनावासकट, पालक प्रगतिपुस्तकावर करतात तशी. ती प्रोप्रायटरला शोभत नाही म्हणून त्यांनी महिनाभर वहीत गिरवून नवी इंग्रजी सही बसवली होती. पहिलं अक्षर कळायचं, पुढे सगळा हळदीच्या भावाचा आलेख. शेवटी खाली दोन टिंबं. ती शिक्क्याच्या मोकळ्या जागेत मावत नसे, टिंबं 'प्रोप्रायटर'च्या डोक्यावर यायची.

"ही सही कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"प्रोप्रायटरची."

"आणि ही पॅनवरची?"

"ती माझी."

"म्हणजे दोघं वेगळे आहेत का?"

दाजी खरोखर विचारात पडले. मागे रांगेत एक पेन्शनर खोकले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी दाजींना मुद्द्याचा प्रश्न विचारला होता, आणि त्यांचं उत्तर 'हो' होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "एकच आहेत मॅडम, जुनी सही चालेल." दाजी माझ्यावर चार दिवस रुसले होते.

'व्यवसायाचे स्वरूप' या ओळीत दाजींनी 'सर्व' असं लिहिलं होतं. अपेक्षित वार्षिक उलाढाल: एक कोटी.

"मग जीएसटी नंबर कुठाय?"

"तो लागतो होय?"

मॅडम डबा उघडता उघडता थांबल्या. हे त्यांना रोज सांगावं लागत असणार, पण त्यांनी नीट सांगितलं. फक्त माल विकणार असाल तर आपल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देणार असाल तर वीस लाखांपर्यंत. तुम्ही काय करणार? दाजी म्हणाले, दोन्ही. मग वीसच धरा, मॅडम म्हणाल्या. दाजींनी पेन घेतलं, एक कोटीवर काट मारली आणि एकोणीस लाख नव्वद हजार लिहिलं. काट मारलेल्या जागी सही करायची होती, ती त्यांनी जुनी केली. ऐंशी लाख दहा हजारांचा धंदा अर्ध्या मिनिटात बुडालेला मी डोळ्यांनी पाहिला आणि बुडवणारा माणूस रुमालानं पेनचं टोक पुसत होता.

"जागेचा पुरावा?"

फ्लॅट आक्काच्या नावावर. महावितरणचं बिल आक्काच्या नावावर. म्हणजे घरमालकिणीचं संमतीपत्र हवं. संध्याकाळी दाजींनी ते स्वतःच टाइप करून आणलं, 'प्रति, फर्म' असा मायना घालून, आणि आक्कापुढे ठेवलं. आक्कानं हात पुसले, चष्मा लावला, सगळं वाचलं आणि खाली पेननं दोन ओळी वाढवल्या. एक, सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सात ते नऊ टेबल मोकळं राहील. दोन, शिक्का स्टीलच्या भांड्यांवर मारू नये. मग सही केली. तिची सही कुठल्याही कागदावर सारखीच येते.

हे पत्र बँकेनं घेतलं. मॅडमनी अटींखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती, असं दाजी सांगतात. मला ते खरं वाटतं.

शेवटचा अडथळा जागेच्या तपासणीचा. बँकेचा माणूस येणार, बोर्ड बघणार, मालक बघणार, फोटो काढणार. दुकानाचा बोर्ड मराठीत, देवनागरीत असलाच पाहिजे, अशी दुरुस्ती राज्यानं २०२२ मधे केली आहे आणि तिच्यातून दोन-चार माणसांची दुकानंही सुटलेली नाहीत. दाजींचं तर शून्य माणसांचं होतं. त्यांनी तीन बाय दोनचा बोर्ड रंगवून घेतला, कायद्याच्या बाजूनं. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र उपविधीच्या बाजूनं होते. राहत्या फ्लॅटला धंद्याचा बोर्ड लावता येणार नाही, म्हणाले. तडजोड अशी झाली की तपासणीपुरता बोर्ड दारावर लागेल, एरवी वॉशिंग मशीनच्या मागे राहील.

तपासणीला आलेला मुलगा नुकता लागलेला होता, वर्ध्याकडचा, इथे खोली घेऊन मेसचं जेवण जेवणारा. तो सांगितलेल्या दिवशी न येता आदल्या दिवशी आला. दाजी बनियनवर होते. बोर्ड मशीनमागून ओढून काढताना त्याला साबणाची पावडर लागली, ती झटकून तो तोरणाच्या खिळ्याला अडकवला. खिळा एकच असल्यानं बोर्ड डावीकडे कलला. फोटोत बोर्ड, शर्टाची बटणं लावणारे दाजी आणि खाली पाच जोड चपला. पादत्राण दुरुस्तीचा पुरावा आपसूक झाला.

"काका, आत थोडा माल दिसला पाहिजे फोटोत," मुलगा म्हणाला. "स्टॉक."

घरात क्षणभर शांतता. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आक्काकडे पाहिलं.

आता सांगायला हवं. आक्का गेली चौदा वर्षं भाजणी करते. थालीपिठाची, चकलीची, उपासाची. जोडीला मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. आधी शेजाऱ्यांसाठी, मग शेजाऱ्यांच्या लेकी-सुनांसाठी, आता पुण्या-मुंबईहून कुरिअरच्या ऑर्डरी येतात. दिवाळीआधीच्या महिन्यात दाजींना बसायला टेबल नसतं ते पोळ्यांमुळे नाही, चकलीच्या भाजणीमुळे. भाचीनं तिला अन्नसुरक्षेची नोंदणी करून दिली आहे, नंबर पाकिटावर छापलेला असतो. तिला उद्योजक म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. कारण तिच्याकडे शिक्का नव्हता.

आक्कानं काही न बोलता आतून पाकिटं आणून टेबलावर मांडली. अर्ध्या किलोची अठ्ठावीस. दाजी त्यांच्या मागे ताठ उभे राहिले. फोटो निघाला. मुलानं एक पाकीट उचलून वास घेतला आणि अहवाल लिहायचं विसरला. "माझी आई अशीच करते, जी," म्हणाला. मग त्याला थालीपीठ, लोणी, परत थालीपीठ. जाताना दोन किलो भाजणी घेतली आणि पैसे विचारले. आक्कानं फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे मॅग्नेटखाली तिच्या बचत खात्याचा क्यूआर कोड लावलेला होता.

"काकू, धंद्याचे पैसे बचत खात्यावर नका घेऊ. चालू खातं तर तुम्ही उघडायला पाहिजे," मुलगा म्हणाला. "तुमचे कागद तर तयारच दिसतात."

"उघडू सवडीनं," आक्का म्हणाली आणि तवा उतरवायला गेली.

दाजींचं खातं बारा दिवसांनी उघडलं. सुरुवातीला दहा हजार भरले, ते त्यांच्याच बचत खात्यातून आले. चेकबुकचा आकार लागला, त्यावर अठरा टक्के जीएसटी. हे पाहून दाजींनी मला फोन केला. "पाव्हणं, फर्मनं जीएसटी भरला!" त्यांच्या आवाजात कंप होता. विवरणाची ती ओळ पिवळ्या पेननं रंगवून त्यांनी फाइलीला लावली आहे. मानपत्राच्या वर.

मग बोलणारी डबी आली. पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारी. तिला महिन्याचं भाडं आहे. रोज सकाळी आठला, आंघोळ झाल्यावर, दाजी आपल्या बचत खात्यावरून फर्मला एक रुपया पाठवतात. डबी खणखणीत मराठीत सांगते, एक रुपया प्राप्त झाला. दाजी आवक-जावक रजिस्टरात नोंद करतात, वेळ घालतात, सही करतात. नवीवाली. एका रविवारी मी तिथे असताना त्यांच्या फोनवरून रुपया जाईना, तर साडेआठ वाजेपर्यंत ते येरझाऱ्या घालत होते. शेवटी मीच माझ्या फोनवरून पाठवला. त्या दिवसाच्या नोंदीत 'बाहेरील ग्राहक' असं लिहिलंय.

धंदा कुठला, ते अजून ठरायचंय. सगळं झालंय, फक्त जागेचं तेवढं राहिलंय.

विश्रामबागेकडे कधी येणं झालं तर वर या. एक रुपया द्यायचा असेल तर डबीशेजारचा कोड दाजींचा. भाजणी हवी असेल तर फ्रिजवरचा, आणि दिवाळीची असेल तर नवरात्रातच सांगा. नंतर आक्का ऑर्डर घेत नाही.